ओबूच्या नवसाचे रोडगे

आमच्या ह्यांनी जामसांवलीच्या मारुतीला नवस बोलला, तेव्हा मला वाटलं, दुकानाचं काहीतरी असेल, नाहीतर मुलाच्या, योगेशच्या लग्नाचं. नवस निघाला ओबूचा. ओबू आमच्या नात्यातला नाही, गोत्यातला नाही. ‘ध्रुवयान’ नावाच्या मालिकेत एक अवाढव्य यान पिढ्यानपिढ्या अंतराळातून चाललंय, त्या यानातला तो म्हातारा मेकॅनिक. मागच्या वर्षी शेवटच्या भागात तो पाण्याची टाकी दुरुस्त करायला बाहेर गेला, दार बंद झालं आणि यान पुढे निघून गेलं. मालिका तिथेच थांबली. पुढचं पर्व वर्षभरानं. ह्यांनी दोन दिवस धड जेवण केलं नाही आणि तिसऱ्या दिवशी मोटरसायकल काढून थेट मारुतीला साकडं घातलं, की ओबू जिवंत परत येऊ दे, रोडग्यांचं जेवण घालीन.

माझा स्वभाव तिखट आहे, हे पांढुर्ण्यातल्या निम्म्या लोकांनी मला तोंडावर सांगितलंय. उरलेल्यांची अजून हिंमत झालेली नाही. मी शाळेत शिकवते, मला असली थेरं खपत नाहीत. दुसरी एखादी मालिका असती तर मी टीव्हीच विकून टाकला असता. पण ‘ध्रुवयाना’पुढे माझा इलाज नव्हता, कारण त्या यानानं माझा मुलगा आणि माझा नवरा ह्यांना एकमेकांशी बोलायला लावलं होतं.

योगेश बेंगळुरूला कॉम्प्युटरवर कसलंसं काम करतो. ह्यांचं पांढुर्ण्यात पंप आणि पाइपांचं दुकान. बापलेकांचा फोन असा असायचा. ‘जेवला का?’ ‘हो.’ ‘पाऊस?’ ‘नाही.’ ‘बरं, आईला देतो.’ मग एका शुक्रवारी दोघांनीही योगायोगानं तीच मालिका पाहिली. ओबू रबराच्या तुकड्यानं यानाची गळती थांबवत होता. योगेशचा फोन आला, ‘बाबा, खरंच असं होते का हो?’ झालं. ह्यांनी बैठकीतल्या टेबलावर एक जुना पंप खोलला आणि फोनवरून त्याला वॉशर म्हणजे काय ते समजावत बसले. माझ्या नव्या टेबलक्लॉथवर ग्रीसचे डाग पडले. मी भरपूर बोलले, पण स्वयंपाकघरात येऊन कान मात्र बैठकीकडे लावले. दोघं हसत होते.

तेव्हापासून दर शुक्रवारी मालिका संपली की फोन. ओबू गेल्यावर तर वर्षभर त्याच्यावरच चर्चा. वाचला असेल का, हवा किती वेळ पुरेल, कॅप्टनबाई यान मागे वळवतील का. घरात लग्न ठरत असतं तरी इतका खल झाला नसता.

श्रावणात नवं पर्व सुरू झालं आणि योगेशचे फोन बंद झाले. ह्यांनी लावला की, ‘बाबा, कामात आहे, नंतर करतो.’ ते ‘नंतर’ काही यायचं नाही. माझ्या मोबाइलवर बोलायचा, पण मागून ह्यांचा आवाज आला की घाईघाईनं ठेवून द्यायचा. पोराला एखादी मुलगी आवडली असेल, असं मी म्हणत होते.  हे मालिका संपल्यावर हातात फोन घेऊन बसायचे आणि मी ‘झोपा आता’ म्हटलं की उठायचे.

गणपतीच्या सुमारास ओबू जिवंत सापडला. हे सोफ्यावरून उठून उभेच राहिले. लगेच योगेशला फोन लावला, त्यानं कापला. ह्यांचा चेहरा असा उतरला, की मला त्या पोराचा विलक्षण राग आला. ओबू परत आला होता, पण ज्याच्यासाठी तो यायला हवा होता, तो फोनवर येत नव्हता.

नवस मात्र फेडायलाच हवा. दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी जामसांवलीला नारळ फोडला आणि जेवण ठेवलं माझ्या भावाच्या, देवीदासच्या, सौसरजवळच्या संत्र्याच्या बगीच्यात. गोवऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे भाजायला टाकले, चुलीवर वांग्याची भाजी आणि वरण. निघताना मी ह्यांना बजावलं, ‘कोणी विचारलं तर घरच्या सुखशांतीसाठी नवस होता म्हणा. मला शाळेत तोंड दाखवायचं असते.’

‘मारुतीच्या कामात खोटं कसं बोलू?’

‘मग गप्प बसा.’

गप्प बसण्याचा परिणाम असा झाला, की लोकांनी आपापली कारणं शोधली. माझ्या शाळेतल्या शोभाबाईंनी माझा हात धरून हळूच विचारलं, ‘तुमच्या ह्यांचं ऑपरेशन चांगलं झालं ना? चेहऱ्यावरून तर काहीच समजून नाही राहिलं.’ देवीदास रुसून बसला होता. ‘योगेशचं जमलं वाटते. सख्ख्या मामाले सगळ्यात शेवटी सांगजा तुम्ही.’ दोघांना समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले.

पंगत बसली. रोडगे कुस्करून झाले, हे तुपाचं भांडं घेऊन वाढायला निघाले. तेवढ्यात तिगावचे कवडूभाऊ, आमचं जुनं गिऱ्हाईक, पत्रावळीवर हात धरून म्हणाले, ‘भाऊ, नवस कायचा होता, थे तं सांगा. घास घ्याच्या आंधी समजाले पायजे ना.’

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळे वटारले. काही उपयोग झाला नाही.

‘ओबू जिवंत परत आला, त्याचा,’ हे म्हणाले.

 मग कोपऱ्यातून कोणीतरी विचारलं, ‘कोण ओबू? लोधीखेड्याचा का?’

ह्यांनी सगळं सांगितलं. यान, टाकी, बंद झालेलं दार. कोणी खुदकन हसलं, तसे हे थांबले.

‘हसा,’ हे म्हणाले. ‘पण मी जन्मभर पंप खोलून राहिलो. त्यातलं काही आपल्या शिकलेल्या पोराला सांगावं, असं मला कधी वाटलंच नाही. ओबूनं टाकी खोलली अन् योगेशनं मला विचारलं, बाबा, खरंच असं होते का? तेव्हापासून तो माझ्याशी बोलायला लागला. ओबू गेला तर ते बोलणं जाईल, याची भीती वाटली मला. म्हणून बोललो नवस. आता पोरगा कामात आहे, तो काही पाहून नाही राहिला. पण ओबू आला ना. मारुतीनं त्याचं काम केलं. जेवा तुम्ही.’

कोणी हसलं नाही. कवडूभाऊंनी पत्रावळीवरचा हात काढला आणि तूप घेतलं. माझे डोळे भरून आले. चुलीचा धूर होता म्हणून बरं, कोणाला काही सांगावं लागलं नाही.

देवीदासला प्रत्येक गोष्टीचा व्हिडिओ काढायची खोड आहे. त्यानं हे सगळं भाषण टिपून घरच्या ग्रुपवर टाकलंही होतं. दुसऱ्यांदा वाढणं चालू असताना ह्यांचा फोन वाजला. योगेश. तुपाच्या हातानं दाबताना स्पीकर सुरू झाला.

‘बाबा, काय केलं हे तुम्ही?’ त्याचा आवाज सगळ्या बगीच्यात घुमला.

हे कावरेबावरे झाले. ‘अरे, चारचौघांत तुझं नाव घ्यायला नको होतं, चुकलंच माझं.’

‘नावाचं कोण म्हणते? ओबू वाचला हे कशाला सांगितलं? मी एकही भाग पाहिला नाही अजून. दिवाळीत घरी येऊन तुमच्यासोबत पहिल्यापासून पाहणार होतो. तिकीट काढून बसलो आहे. म्हणून तर तुमचे फोन टाळून राहिलो होतो. तुमच्या पोटात एक गोष्ट राहते का? ऑफिसातल्या पोरांपासून कान वाचवले, अन् घरच्याच ग्रुपवर सगळं फुटलं.’

‘म्हणजे,’ हे चाचरत म्हणाले, ‘तू कंटाळला नव्हता?’

‘कंटाळतो कशाला? आता निदान तो वाचला कसा, तेवढं तरी राहू द्या.’

पंगतीतले सगळे जेवायचे थांबले. ओबू कसा वाचला, हे ह्यांनी दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाईकाला हातवारे करून सांगितलेलं होतं. आताही ते ह्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसत होतं. तोंड उघडलंसुद्धा. मग मिटलं.

‘नाही सांगत,’ हे म्हणाले. ‘तू ये.’

 ह्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि तुपाचं भांडं उचलून पुढच्या पत्रावळीकडे वळले.