भिंतीतला साधू आणि माझा उखाणा

शप्पथ घेऊन सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे! खोटं निघालं तर माझं नाव बदला.

एडिनबरातलं जुनं मठाचं चर्च. मठातले साधू कधीच हाकलले गेले, आता जागा भाड्यानं मिळते. त्या रविवारी आपल्या माणसांनी खचाखच भरलेली. भिंतीतल्या कोनाड्यापासून चांगलं लांब उभे शशिधर महाराज.

"कोनाड्यात तोंड घाला! पाळण्यातलं नाव सांगा, दुखणं सांगा. अगदी हळू! पाचशे वर्षांचे साधूबाबा ऐकतायत!"

माझी सून नीना, जन्म इंग्लंडातल्या स्लाऊचा, मराठी मोडकंतोडकं. ती कोनाड्यात पुटपुटली, आणि भिंतीतून घोगरा आवाज आला, "यमुने, सुई टाक. बरी होशील."

गर्दीनं हात जोडले. नीनानं इन्सुलिनचं पेन महाराजांच्या ताटात ठेवलं.

"अगं, सकाळचं टोचलंस का?"

"नाही, आई. कालपासून उपास, म्हणून टोचला नाही. हा भिंत माझी पाळण्यातला नाव ओळखला! तुम्हाला तरी माहीत होता?"

तिचे ओठ कोरडे पडलेले, धाप लागलेली. श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास. साखर भलतीच चढल्याची खूण!

"अहो, ॲम्ब्युलन्स बोलवा!" मी आमच्या पुरुषोत्तमरावांना म्हटलं आणि पेनाला हात घातला. महाराजांनी ताट मागे ओढलं.

"बाबांची आज्ञा मोडलीत तर पोरगी जाईल, आजी!"

नीना घाबरून मागे सरली. आता जबरदस्तीचा उपयोग नव्हता.

"स्कॉटलंडच्या साधूला मराठी कुणी शिकवलं हो?"

"आत्म्याला भाषा नसते."

"बरं. मग मलाही विचारू दे."

या चर्चची फुकटातली टूर मी दोनदा केलीये. गाईड म्हणाली होती, कुष्ठरोग्याजवळ जायला साधू भ्यायचे, म्हणून तो या कोनाड्यात कुजबुजायचा आणि साधू पलीकडच्या खोलीतल्या कोनाड्याशी बसून ऐकायचा. मधली कमान गोल, आवाज तिच्या कडेकडेनं सरकत जातो.

मी कोनाड्यात तोंड घातलं.

"भिंतीच्या पोटात बसलाय साधू,
पुरुषोत्तमरावांबरोबर आणखी किती नांदू!"

भिंत फिस्सकन हसली, आणि म्हणाली, "वा आजी! अजून एक होऊन जाऊ दे!"

उखाण्याला दाद दिल्याशिवाय आपल्या माणसाला राहवतं होय? मी धावत जाऊन खोलीचं दार ढकललं. आत महाराजांचा चेला अंशुमन, कान कोनाड्याला, हातात चहाचा थर्मास.

नीनानं त्याच्याकडे बघितलं. मग स्वतःच ताटातलं पेन उचललं आणि टोचलं. ॲम्ब्युलन्स आली, दोन दिवसांत पोरगी घरी आली.

म्हणून सांगते बायांनो, तुमचं गुपित सांगणाऱ्या भिंतीनं ते आधी ऐकलेलं असतं. ऐकणारा कुठे बसलाय ते शोधा. आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय औषध सोडू नका.

सगळं खरं हं. फक्त तो उखाणा मी घरी येऊन रचला. भिंतीत घेतलेला खरा उखाणा भलताच चावट होता. अंशुमन अजून मला बघून लाजतो.