वापरता वापरता

मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. मित्रांनो, मी इतका जाडजूड आहे की मला एका हाताने उचलायला गेलेल्या कित्येकांचे मनगट लचकले. छापखान्यात माझी पाने शिवून झाल्यावर बांधणी करणाऱ्या कारागिराने माझी पाठ थोपटली होती. तिथून मी एका वाचनालयात आलो. एखाद्या शब्दावरून वाद पेटला की लोक माझ्याकडे धाव घेत आणि माझा निकाल मुकाट्याने मान्य करत. पुढे प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि माझ्या अंगावर धूळ.

वाचनालयाच्या अध्यक्ष एक निवृत्त परिचारिका होत्या. त्यांचे धाकटे दीर रोज पेपर वाचायला येत आणि त्यांना वहिनी म्हणत, म्हणून त्या साऱ्यांच्याच वहिनी झाल्या. दरवर्षी सभासद हात वर करून अध्यक्ष निवडत. एकदा वहिनी जिन्यावरून पडल्या आणि त्यांच्या मांडीचे हाड मोडले. दवाखान्यात नेताना त्यांनी किल्ल्या दिरांच्या हातात दिल्या.

"मी बरी होईपर्यंत जरा बघा हो, भावोजी."

"तुम्ही काळजीच करू नका, वहिनी."

खरे सांगतो, भावोजींनी काम मनापासून केले. गळके छत दुरुस्त केले, नवे पंखे आणले. आधी ते वहिनींच्या खुर्चीशेजारी स्टूल घेऊन बसत. मग कंबर धरली म्हणून खुर्चीत बसू लागले. मग सह्या करू लागले. कुणीतरी त्यांना "अध्यक्षसाहेब" म्हटले, तेव्हा ते नुसते हसले. निवडणुकीची तारीख आली आणि गेली. कुणी चकार शब्द काढला नाही. टेबल डुगडुगत होते, तेव्हा त्यांनी मला उचलून त्याच्या पायाखाली सारले. पोटात हजारो शब्द आणि पाठीवर टेबल! मी हबकूनच गेलो.

एका सकाळी वहिनी काठी टेकत आल्या. घरी ठेवलेल्या जादा किल्लीने कार्यालयाचे दार उघडेना. दारावर भावोजींच्या नावाची पाटी होती, खाली 'अध्यक्ष' लिहिलेले. वहिनींच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

आवाज ऐकून भावोजींनी आतून दार उघडले. "अहो वहिनी, कुलूप बदललंय. आता तुम्ही आराम करा ना!"

सारे सभासद दाराशी जमले. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"याला बळकावणं म्हणतात," सभासदांतल्या शिलाईवाल्या ताई अखेर फटकन बोलल्या.

भावोजी उसळले. "बळकावलं? कुणावर बळ वापरलं मी? कुणाला बोट तरी लावलं का?"

तेवढ्यात इंग्रजी शिकवणारे गुरुजी आत शिरले, खाली वाकले आणि त्यांनी मला ओढून काढले. टेबल कलंडले आणि चहाचा कप थेट खुर्चीत!

"या अर्थाचा इंग्रजी शब्द आहे युसर्प," पाने उलटत गुरुजी म्हणाले.

"अगं बाई, यात तर सर्पच आहे!" ताई म्हणाल्या. लोक हसले.

"सर्प नाही, ताई. हे बघा, खाली बारीक अक्षरात मूळ दिलंय. लॅटिन भाषेतले दोन शब्द. एकाचा अर्थ वापर, दुसऱ्याचा हिसकावणं. वापरता वापरता हिसकावून घेणं."

हसू जागच्या जागी विरले. सगळ्यांना स्टूल आठवले, खुर्ची आठवली, आपणच मारलेली "साहेब" ही हाक आठवली. भावोजी खुर्चीकडे असे पाहत राहिले, जणू ती त्यांना चटका देऊन गेली होती.

"वहिनी," ते कसेबसे बोलले, "हे केव्हा झालं, मला खरंच कळलं नाही हो." आणि त्यांनी नवी किल्ली वहिनींच्या हातात ठेवली.

लोकांना हायसे वाटले. कुणीतरी ओरडले, "आता निवडणूक कशाला? वहिनीच कायमच्या अध्यक्ष!" टाळ्या कडाडल्या.

मित्रांनो, बंद दारापाशी वहिनी हादरल्या नव्हत्या इतक्या आता हादरल्या. "काय बोलताय तुम्ही?" त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "भावोजींनी निदान तुम्हाला न विचारता घेतलं. तुम्ही तर निवडायचा हक्कच न मागता देऊन टाकताय!"

टाळ्या थांबल्या. पुढच्याच रविवारी निवडणूक झाली. वहिनी उभ्या राहिल्या आणि हरल्या. शिलाईवाल्या ताई निवडून आल्या. क्षणभर वहिनींचे डोळे भरले, पण किल्ली त्यांनी तिथल्या तिथे ताईंच्या हातात दिली आणि जाऊन पेपर उघडून बसल्या.

आता मी पुन्हा टेबलावर आहे. माझी धूळ पुसत जा, मित्रांनो, पाने जपून उलटा. पण जे सगळ्यांचे आहे तेही जपा. ते एका झटक्यात जात नाही, गप्प बसलेल्या माणसांच्या डोळ्यांदेखत हळूहळू जाते. मी पडलो पुस्तक. कुणी उघडल्याशिवाय मला बोलता येत नाही. तुम्हाला येते.