कच्च्या वॅफलची साक्ष

मित्रांनो, मी एक जुना, विजेवर चालणारा वॅफलचा साचा आहे. नॉर्वेच्या संसदेतला एक कायदा माझ्यामुळे झाला, हे मी मान वर करूनच सांगतो.

मला घडवताना कारखान्यात कुणीतरी घाई केली आणि माझ्या उजव्या अंगाची एक तार सैल राहिली. मला याचा पत्ताच नव्हता. डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्याकाठी, म्हणजे फ्योर्डकाठी, एका गावात माग्नहिल नावाची बाई बोटीच्या धक्क्यावर वॅफल विकत असे. तिने मला हौसेने घेतले. गरम वॅफलवर तपकिरी चीज ठेवून खाताना खलाशी तिचे तोंडभरून कौतुक करत आणि मी मनात फुगत असे. चौदाव्या महिन्यात मात्र माझे उजवे अंग गार पडले.

दुकानदार तिला म्हणाला, "हमीचं वर्ष उलटलंय. शिवाय तूच याला पाण्यात बुडवून धुतला असशील. नाही म्हणतेस? मग सिद्ध करून दाखव!"

माग्नहिल लाजेने लाल झाली. मला काखेत मारून ती मुकाट्याने घरी आली. आपणच वेंधळ्या, असे तिने मनाला लावून घेतले आणि धक्क्यावर जाणेच सोडले. मला फार वाईट वाटले.

तिची शाळेतली मैत्रीण टोरुन खासदार होती. एकदा कॉफीला आली असताना तिने हे ऐकले.

"मग सरकारकडे तक्रार केलीस का गं?"

"छे! एवढ्याशासाठी कुठे भांडत बसू? लोक काय म्हणतील?"

टोरुनने मला पिशवीत घातले. दुकानातून घेतलेली टिकाऊ वस्तू पाच वर्षांत बिघडली, तर चूक गिऱ्हाइकाची आहे हे दुकानदाराने सिद्ध करावे, नाहीतर दुरुस्त करून द्यावी, असा तिचा कायदा संसदेच्या समितीत अडकला होता. अडवणारा होता ओस्मुंड, मेंढ्या पाळणारा म्हातारा खासदार. "वर्षाला सतरा तक्रारी येतात," तो म्हणे. "सतरा माणसांसाठी कायदा करायचा?"

मतदान शुक्रवारी होते. शुक्रवारी समितीत कुणीतरी वॅफल करायचेच, अशी तिथली रीत. त्या दिवशी टोरुनने ते माझ्यात भाजले. एक बाजू खरपूस, दुसरी कच्ची! मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण समितीतल्या आठही जणांनी वर जॅम थापून ते निमूट संपवले.

"कसं झालंय?" टोरुनने विचारले.

"मस्त!" सगळे म्हणाले.

"ओस्मुंड, खरं सांग."

ओस्मुंडने कॉफीचा घोट घेतला. "अर्धं कच्चं होतं. पण तू एवढ्या मायेनं केलेलं. कोण बोलणार?"

"बघा! देशाचे कायदे करणारी आठ माणसं कच्चं पीठ गिळतात, पण एकाचंही तोंड उघडत नाही. मग धक्क्यावरची माग्नहिल कशी बोलेल? जी साधी तक्रार करायला लाजते, तिनं पुरावाही आणायचा?"

मी गार झाल्यावर ओस्मुंडने खिशातला चाकू काढून माझे स्क्रू उघडले.

"ही तार कधी घट्ट बसवलेलीच नाही," तो म्हणाला. "पाण्याचा डागसुद्धा नाही." मतदानाला त्याने पहिला हात वर केला. कायदा पुढे गेला आणि यथावकाश संसदेत मंजूरही झाला.

टोरुनने मला परत नेऊन सैल तार दाखवली, तेव्हा माग्नहिलने ती बोटाने हलवून पाहिली. "म्हणजे मी नाही बिघडवला?" एवढेच ती पुनःपुन्हा विचारत होती.

दुसऱ्या दिवशी तिने मला दुकानाच्या टेबलावर ठेवले. दुकानदार तार बघून वरमला. "नवा देतो," तो म्हणाला.

"नवा नको. हाच नीट करून दे. आणि माझी माफी माग, जरा मोठ्यानं."

त्याने माफी मागितली. दुकानातल्या सगळ्यांनी ती ऐकली.

मित्रांनो, वस्तू जपून वापरा, हे तर माझे सगळेच भाऊबंद सांगतात. मी एवढेच सांगेन, की उद्या घरात काही बिघडले, तर आईला किंवा स्वतःला वेंधळे म्हणण्याआधी दुकानात जा आणि न लाजता म्हणा, "आधी हे उघडून दाखवा."