बेंबीवरचा किल्ट

लॉकलन चौथ्यांदा शिवणाच्या दुकानाचा जिना चढून आला, तेव्हा इशबेलने पाच-सहा टाचण्या ओठांत धरून ठेवल्या. तोंडात टाचण्या असल्या की माणसाला बोलता येत नाही, आणि आज तिला बोलायचं नव्हतं.

लेकीला तिने तसा शब्द दिला होता. किर्स्टीचं लग्न शनिवारी आणि आज गुरुवार. किर्स्टीने फोनवर बजावलं होतं की आई, बाबांच्या पोटाविषयी एक अक्षर काढू नकोस, ते म्हणतील तसं जाकीट करून दे, नाहीतर ते रुसून पँट घालून येतील. आणि पँट घालून आले तर मी त्यांचा हात धरणार नाही, चर्चमध्ये एकटी चालत जाईन. पोरगी बापाच्या वळणावर गेलेली, एकदा बोलली म्हणजे करणारच.

दोघांचा काडीमोड होऊन एकोणीस वर्षं झाली होती. पण डिंगवॉल गावात किल्टच्या जाकिटाला हात लावणारं दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे लॉकलनला यावं लागत होतं आणि इशबेलला त्याला आत घ्यावं लागत होतं. त्याच्या अंगावरचा किल्ट, म्हणजे पुरुषांचा तो चुण्यांचा घागरा, तोही तिनेच शिवलेला. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, आठ वार कापड, एकेक चुणी हाताने.

भानगड साधी होती. त्याने दुकानात पाय ठेवताच पहिल्या दिवशीच ती इशबेलच्या लक्षात आली होती. किल्ट नेसायचा बेंबीवर. जाकीट आखूड असतं ते त्यासाठीच. बरोबर कमरेशी संपतं आणि पुढची चामड्याची पिशवी उघडी राहते. लॉकलन मात्र किल्ट नेसून आला होता पोटाच्या खाली, जीन्स चढवतात तसा. खालची कड गुडघा ओलांडून पोटरीला लागलेली. वर जाकीट आणि किल्ट यांच्यामध्ये चार बोटं पांढरा शर्ट डोकावत होता. आणि हा गृहस्थ आरशासमोर उभा राहून म्हणत होता की जाकीट आखूड शिवलंय.

तिने सांगून पाहिलं. किल्ट वर घे, म्हणाली. त्यावर त्याने तिला आजकालची फॅशन समजावून सांगितली. चाळीस वर्षं हेच काम करणाऱ्या बाईला. माझी कंबर बत्तिसाव्या वर्षी होती तेवढीच आहे, किल्टला कोणी हात लावायचा नाही, काय करायचं ते जाकिटाचं कर, असं ऐकवून तो निघून गेला.

मग तिने जाकिटाची आतली कड सोडून ते इंचभर लांबवलं. शर्ट तरीही दिसतच होता. तिसऱ्या खेपेला तो भावाचं जाकीट घेऊन आला. ते खांद्यात उतरलेलं आणि बाह्या नखांपर्यंत. इशबेलने तेही टाचून दाखवलं, काढून घेतलं, चहा दिला, सोबत शॉर्टब्रेडची बिस्किटंही दिली. तिची सहनशक्ती बघून तिची तिलाच कमाल वाटली होती.

आज त्याने आणला होता ऑफिसला घालायचा कोट. लांबलचक, खाली झाकणाचे दोन खिसे. तो अंगावर चढवला तर पिशवी झाकली, चुण्या झाकल्या, आणि आरशात आईचा घागरा नेसून वर बापाचा कोट घातल्यासारखा एक माणूस दिसू लागला.

"हा कापून दे," लॉकलन म्हणाला. "खिशांच्या वरून काप. पण फार वरून नको."

इशबेलने टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या. सावकाश.

"लॉकलन, हात वर कर."

"का?"

"वर कर म्हटलं ना."

त्याने केले. तिने किल्ट दोन्ही बाजूंनी धरला आणि पुढचामागचा विचार न करता वर ओढला, पोटावरून, थेट बेंबीपर्यंत. कमरेचे पट्टे सुटून लोंबू लागले. तिने ते बकलांशी नेऊन पाहिले. चार बोटं कमी पडत होते.

लेकीला दिलेला शब्द गेला तेल लावत.

"ही बघ तुझी बत्तिसाव्या वर्षाची कंबर," ती म्हणाली. "या पोटापायी तीन जाकिटं झाली. चांगल्या जाकिटाची कड सोडून बसले, ती आता परत वर घ्यायची. आणि तू मला फॅशन शिकवतोस?"

आता हा तणतणत जिना उतरणार, आणि शनिवारी पोरगी एकटी चालणार, हे तिला दिसलंच. पण लॉकलन किल्ट हाताने धरून खुर्चीत बसला.

"डॉरीनला मी सांगून बसलोय," तो म्हणाला. "की बत्तिसाव्या वर्षीचा किल्ट मला अजून होतो म्हणून."

डॉरीन ही त्याची आताची बायको. बाई स्वभावाने बरी होती, आणि केक फार सुरेख करायची. त्याचा पुरावा समोर बसलाच होता.

"पडद्यामागे जा, पँट चढव, आणि तो इकडे दे," इशबेल म्हणाली.

"उसवणार तू?"

"मग काय ओवाळू?"

तिने किल्ट मांडीवर घेतला आणि कडेचं अस्तर उसवायला घेतलं. स्वतःचेच टाके, बारीक, एकसारखे. आता असे हात चालत नाहीत, याचाही तिला राग आला. अस्तर सुटलं आणि ती थांबली. आत, पुढच्या दोन्ही पदरांच्या कडांना, कापड दुमडून ठेवलेलं होतं. तीन-चार बोटं एकीकडे, तेवढंच दुसरीकडे. उजेड न लागलेलं, त्यामुळे त्यातला हिरवा रंग अजून गर्द. आपण हे ठेवलं होतं याचा तिला साफ विसर पडला होता.

पँट घालून लॉकलन मागे येऊन उभा राहिला होता.

"एवढं कापड आत कशाला?" त्याने विचारलं. "मी तर काडीपैलवान होतो तेव्हा."

"पुढेमागे सोडायला."

"म्हणजे मी सुटणार हे तुला तेव्हाच ठाऊक होतं?"

"माझ्या हातचं खाऊन सुटशील, असं वाटलं होतं."

हे तिला म्हणायचं नव्हतं. म्हणून झाल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाही तिला संताप आला. लॉकलनने एरवीसारखा वाद घातला असता तर बरं झालं असतं. पण तो आपला ऑफिसचा कोट उचलून नुसता दाराशी उभा राहिला.

"उद्या दोनला ये," इशबेल सुईत दोरा ओवत म्हणाली. "आणि बेंबीवर नेसायचा."

"बरं," तो म्हणाला.