चहानंतरची चाचणी

आमच्या ऑफिसात रोज सकाळी नऊला एकशे ऐंशी चाचण्या सुरू होतात. मशीन मात्र आमची नाहीत. ती दूर कुठल्यातरी देशात, कुठल्यातरी इमारतीत आहेत. आम्ही ती क्लाउडवर भाड्याने घेतो, त्यांच्यावर दोनशे खोटे फोन उभे करतो आणि आमचं ॲप त्या सगळ्यांवर एकदम चालवून बघतो. ॲप गोळ्यांची आठवण करून देतं. गोळी घेतली की बटण दाबायचं, मग त्या दिवसापुरती हिरवी खूण दिसते. वीस मिनिटांत निकाल येतो. पास झालेल्या ओळी हिरव्या, नापास झालेल्या लाल.

रोज एक ओळ लाल असायची, एकशे बारावी. कालची खूण आज दिसत नाही ना, हे तपासणारी. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी मास्तरांना तिच्याबद्दल विचारलं. मास्तर म्हणजे आमच्या टीमचे प्रमुख. लोकांच्या ईमेलमधल्या चुका सुधारून परत पाठवतात, म्हणून हे नाव.

"एकशे बारा ना? ती चहानंतर चालव," ते म्हणाले.

चहा पिऊन दहाच्या सुमाराला चालवली की ती खरंच पास व्हायची. "मशीनलाही सकाळी जाग यायला वेळ लागतो," असं कोणीतरी म्हणायचं आणि आम्ही जेमतेम हसायचो. ॲप तीनदा पुढे ढकललं गेलं होतं. कामात मान वर करायची फुरसत नव्हती, आणि वर केलीच तर समोरचा डोळे चोळताना दिसायचा. मी भौतिकशास्त्र शिकलेली. रोज ठरावीक वेळेला होणारी चूक मला खटकायला हवी होती. पण दहा वाजता ओळ हिरवी होत होती, आणि मला तेवढंच हवं होतं.

त्या सोमवारी दुपारी बाराला ॲप सगळ्यांसाठी खुलं होणार होतं. कर्मचाऱ्यांच्या घरी ते सात आठवड्यांपासून वापरून बघायला दिलेलं होतं. आठ वाजून गेल्यावर मी निघाले, तेव्हा आई स्वयंपाकघराची चौकट धरून उभी होती.

"चक्कर येतेय?"

"सोमवार आहे. तीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर बसले, तो वार अजून अंगातून जात नाही."

"रक्तदाबाची गोळी घेतलीस?"

तिने फोन पुढे केला. हिरवी खूण होती. "हे बघ, घेतली म्हणतंय."

"तू काय म्हणतेस?"

"तुझं यंत्र म्हणतंय तर घेतली असेन. मला आठवत असतं तर हे कशाला लागलं असतं, बाई?"

नऊ वीसला निकाल आला. एकशे बारा लाल. खुर्च्या सरकल्या, सगळे चहाला गेले. मी बसून राहिले आणि भाड्याच्या मशीनला एकच गोष्ट विचारली, आज तारीख काय?

मशीनवर अजून रविवार होता.

मी दर मिनिटाला तेच विचारत राहिले. आमच्या घड्याळात साडेनऊ झाले आणि तिथे सोमवार उजाडला. लोकांच्या खऱ्या फोनवरचं ॲपही तारीख फोनला नाही, याच मशीनला विचारायचं. म्हणजे रोज सकाळी साडेनऊपर्यंत आमचं ॲप कालच्या दिवसात असायचं, आणि आम्ही चहा पिऊन येईपर्यंत ते आजच्यात यायचं.

आई रोज आठला गोळी घेते. फक्त रविवारी उशिरा उठून साडेदहाला. तेव्हा तिथेही रविवार असतो. सोमवारी आठला तिने फोन उघडला तरी तिथे रविवारच, आणि रविवारची खूण तर झालेली.

मी घरी फोन लावला. "आई, ॲप दिलं त्या दिवशी साठ गोळ्या आणल्या होत्या ना? किती उरल्यात?"

पट्ट्यांची चुरचुर ऐकू आली. "अठरा."

आजचा धरून एकोणपन्नास दिवस. अकरा उरायला हव्या होत्या. सात जास्त होत्या, सात सोमवारांच्या.

"आजची आत्ता घे. एकच घे, मागच्या भरून काढू नकोस."

मास्तर कप घेऊन आले. "चालवली का परत?"

"नाही."

"मग चालव ना. बाराच्या आत सही करायचीय मला."

"आता चालवली तर पास होईल, मास्तर. साडेनऊ होऊन गेलेत." मी त्यांना तारखा दाखवल्या, मग गोळ्यांचा हिशोब सांगितला.

त्यांनी कप टेबलावर ठेवला. "किती महिने चहा पितोय आपण?"

"अकरा. मी आल्यापासूनचे."

"माझे सासरे हृदयाच्या गोळ्या घेतात," ते म्हणाले. "हेच ॲप आहे त्यांच्याकडे. आणि ते रोज वेगळ्या वेळी उठतात."

त्यांनी आधी घरी फोन केला, मग वरच्या साहेबांना. साहेब बराच वेळ बोलत होते. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. "हो, चौथ्यांदा," ते म्हणाले. "नाही, सही नाही करणार." मग फोन ठेवून मला म्हणाले, "ती ओळ लालच राहू दे. ज्यांच्या घरी ॲप दिलंय त्यांची यादी काढ. सगळ्यांना गोळ्या मोजायला सांगू."

एकेचाळीस घरं होती. फोन करता करता दुपार झाली, घसा बसला. शेवटी आईला परत लावला.

"चक्कर थांबली?"

"थांबली. मग उद्यापासून मी कोणाचं ऐकू?"

"पट्टीवर वार लिहून ठेव. पट्टी बघून घेत जा."

"पट्टी माझ्याकडे आधीही होती," आई म्हणाली. "येताना पेन घेऊन ये."