चकचकीत पत्रा

बाबांचं तळणाचं दुकान उद्या पुन्हा उघडायचं होतं. शेगडीसमोर आता दादा उभा राहणार, म्हणून आईने आजच कढई चढवायला लावून त्याची रंगीत तालीम घेतली.

बाबांची कढई कधी पूर्ण रिकामी होत नसे. कालच्या तेलात आजचं नवं ओतायचं. "विरजण आहे ते," ते म्हणत, "त्याशिवाय बटाट्याला रंग चढत नाही." ते गेल्यावर आईने त्या तेलाचा डबा जपून ठेवला होता.

आज कढईत ओतलेलं तेच तेल बटाटा टाकण्याजोगं तापायच्या आतच धुरावलं. वर फेस, कडेला काळपट चिकटा. डोळ्यांना आणि घशाला झोंबलं.

"आई, हे फेकून दे," मी म्हणाले. "तेल पुन्हा पुन्हा तापलं की फुटत जातं. मग लवकर धुरावतं, आणि तो धूर..."

"झालं, पुस्तकी किडा वळवळला," दादा म्हणाला. पण तो खोकत होता.

"त्यात त्यांचा हात आहे," आई म्हणाली. "फेकून दे काय म्हणतेस?"

बाबा फुप्फुसाच्या आजाराने गेले होते. बाबांनी आयुष्यात सिगारेट ओढली नव्हती. डॉक्टरांचा त्यावर शेवटपर्यंत विश्वास बसला नाही.

"पंखा तरी लाव रे," मी दादाला म्हटलं.

"लावलाय की! कान फुटले का तुझे?"

धूर बाहेर ओढणारा भिंतीतला पंखा खरंच घरघरत होता. धूर मात्र आमच्या डोक्याशीच घुटमळत होता. मी स्टुलावर चढले. पंख्यासमोर तांबूस पत्रा होता. दुकान बंद करताना बाबा तो न चुकता पुसत. त्यात तोंड दिसायचं. मी वर्तमानपत्राचा कपटा त्याला लावून पाहिला. तो चिकटला नाही, सरळ खाली पडला; पंख्याची ओढ तिथे नव्हतीच.

उलथन्याची धार कडेला घातली, तर टवका उडाला. मधाच्या रंगाचा, काचेसारखा. मागे तारा दिसल्या.

"दादा, ही जाळी आहे."

"कसली जाळी? लहानपणापासून बघतोय, पत्रा आहे तो."

मी आणखी खरवडलं. तेलाची वाफ तारांवर बसत गेली होती, तापून तापून लाखेसारखी घट्ट झाली होती, आणि बाबांनी फडक्याने तिला चकाकी आणली होती. पलीकडे पंखा नुसताच फिरत होता. धूर अलीकडे, बाबांच्या तोंडावर.



"ते तर स्वच्छतेच्या बाबतीत किती..." दादाने खाली पडलेला टवका उचलला.

खरवडलेल्या भोकातून धुराची बारीक दोरी बाहेर खेचली जाऊ लागली. आम्ही तिघंही तिच्याकडे बघत राहिलो.

आईने गॅस बंद केला. "ते आजारी पडल्यावर मी पुसायचे," ती म्हणाली. "चांगलं घासूनपुसून."

मग दादाकडे वळली. "उद्या उघडायचं नाही. आधी ती जाळी काढ."

"आणि तेल?"

बाबांचं फडकं तिच्या हातात होतं. ते तिने घडी न घालताच खाली ठेवलं.

"गार होऊ दे. मीच ओतून टाकते."