नाकारलेली भाकर

“कुठे लपवलंयस तिला?”

गायनप्रमुखाने पाळकांची मान दाराच्या चौकटीवर दाबून धरली होती. एरवी हा माणूस ‘पाळकसाहेब’ म्हणताना आवाजात मध ओतायचा. आज थेट अरेतुरेवर आला होता. उपासनेला वीस मिनिटं उरली होती. पलीकडे चर्चमध्ये मंडळी जमत होती, आणि इकडे झगे ठेवण्याच्या खोलीत पाळकांच्या ओठावर दुसरा ठोसा बसला. तिसऱ्याला डावीकडचा दात तुटून जिभेवर आला.

“बायको आहे माझी. सांग.”

“नाही सांगणार,” पाळक म्हणाले.

गायनप्रमुखाने खिशातून मोबाइल काढून त्यांच्या कानाला लावला. त्यात पाळकांचाच आवाज होता. “लग्न म्हणजे मोबाइलचं कार्ड नव्हे, रेंज नाही म्हणून बदलायला!” मागे मंडळी खदखदून हसत होती.

“हे कुणी सांगितलं? मी? तूच ना? मग आता तिला घरी पाठवायला का जीव जातोय तुझा?”

त्याने पाळकांच्या पोटात गुडघा घातला, हात रुमालाला पुसले, कोट नीट केला आणि गायनमंडळात आपल्या जागी जाऊन उभा राहिला. पहिलं गीत त्याने अगदी सुरात उचललं. अशी माणसं कधी बेसूर होत नाहीत, हेच तर दुखणं आहे.

पाळक जमिनीवर बसून राहिले. ते वाक्य त्यांचंच होतं. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी ‘आजचं जग आणि आपण’ अशी उपदेशमाला काढली होती. आजच्या जगावर बोलणं सोपं असतं, ते उलटून बोलत नाही. घटस्फोट, मोबाइल, तरुणांची घाई, सगळ्यांचा त्यांनी यथेच्छ समाचार घेतला. त्यांच्या मुलीने त्यातलं हे वाक्य कापून मोबाइलवर सगळीकडे फिरवलं आणि सव्वीस वर्षं कुणाला माहीत नसलेले पाळक एका आठवड्यात गाजले. खोटं कशाला बोला, ते सुखावलेही होते.

त्याच आठवड्यात गायनप्रमुखाची बायको त्यांच्याकडे आली होती. रविवारच्या शाळेत मुलांना शिकवणारी, हळू बोलणारी बाई. तिने बाही वर करून दंडावरचे वळ दाखवले. पाळकांनी तेच केलं जे ते आयुष्यभर करत आले होते. दोघांना समोरासमोर बसवलं, नवराबायकोत आडपडदा नको म्हणून तिने सांगितलेलं सगळं त्याच्यासमोर बोलून दाखवलं, प्रार्थना केली आणि तिला घरी पाठवलं. त्या संध्याकाळी त्याने तिला आधी तो मोबाइलमधला उपदेश ऐकवला, मग पट्टा काढला. पुढे तो रोजच ऐकवायला लागला. परवा त्याने तिचा उजवा हात दारात घालून दार ओढलं. दवाखान्यातून तिने पाळकीणबाईंना फोन केला. पाळकांना नाही. आता ती चर्चमागच्या त्यांच्याच घरात, स्वयंपाकघरात होती.

पाळकांनी दात रुमालात बांधला, पांढरा झगा चढवला आणि व्यासपीठावर गेले. त्यांचा सुजलेला चेहरा पाहून मंडळीत कुजबुज झाली. उपासना मोबाइलवर थेट दाखवणारा समोरचा कॅमेरा चालू होता.

“दोन महिन्यांपूर्वी इथे उभा राहून मी लग्नावर एक विनोद केला,” ते म्हणाले. “तुम्ही हसलात, मी फुशारलो. मार खाणाऱ्या एका बाईला मी घरी परत पाठवलं. तिचा हात मोडलाय. तो मीही मोडलाय. आज उपदेश नाही.”

ते खाली उतरले. प्रभुभोजनासाठी, आशीर्वाद दिलेली भाकर आणि द्राक्षरस घ्यायला, माणसं कठड्यापाशी गुडघे टेकू लागली. रांगेत चौथा होता गायनप्रमुख. त्याने तळहात पसरले, तेव्हा सोललेली बोटं स्पष्ट दिसली. सव्वीस वर्षांत पाळकांनी या कठड्यापाशी कुणालाही वगळलं नव्हतं.

“तुला नाही,” ते म्हणाले. “आधी पोलिसांत जाऊन काय केलंस ते सांग. मग ये.”

गायनप्रमुख क्षणभर हात तसेच धरून राहिला. मग त्याने कठड्यावरचा पितळी प्याला उचलला आणि पाळकांच्या कपाळावर हाणला. पुन्हा हाणला. द्राक्षरस आणि रक्त एकत्रच झग्यावर उतरलं. गायनमंडळातल्या तिघांनी त्याला खाली पाडलं, एकाने त्याच्या पाठीवर बैठक मारली, कुणीतरी पोलिसांना फोन केला. पाळकांनी एका हाताने भुवई दाबून धरली आणि दुसऱ्याने उरलेल्या रांगेला भाकर दिली.

पोलीस त्याला घेऊन गेल्यावर पाळक त्या भाकरीचा एक तुकडा बशीत घेऊन घरी गेले. ती स्टुलावर बसली होती, हात प्लास्टरमध्ये. पाळकीणबाई तिला चमच्याने भात भरवत होत्या. शेजारी मोबाइल होता. दोघींनी सगळं पाहिलं होतं.

“नेलं त्याला,” पाळक म्हणाले. “माझं चुकलं गं. माफ कर मला.” त्यांनी बशी पुढे केली. “हे तुझ्यासाठी आणलंय.”

“नको.”

“देवावर रागावू नकोस.”

“देवावर कशाला रागावू?” ती हळूच म्हणाली. “त्या दिवशी तुम्ही माझा हात धरून त्याच्या हातात दिलात. मी ओढून घेत होते, तरी दिलात. तुमच्या हातून नको मला.”

पाळकीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि पुढचा घास भरवला.

आशीर्वाद दिलेली भाकर टाकून देत नाहीत. कुणी घेतली नाही, तर ती पाळकानेच खायची असते. ते मागच्या पायरीवर जाऊन बसले, तिच्या वाटणीचा तुकडा तोंडात घातला, आणि जिकडचे दात शाबूत होते त्या बाजूने सावकाश चावत राहिले.